तीन नोझलचा विलायती

ट्रॅक्टर ओळखायचा असेल तर बॉनेटकडं बघू नये, नोझल मोजावीत. ही आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींची शिकवण. बॉनेट काय, कुणाचंही कुणावरही बसतं. रंग तर दोन डब्यांत होतो. पण नोझल लपत नाहीत. डिझेल पंपातून निघालेल्या बारीक नळ्या इंजिनाच्या डोक्यात कुठं शिरतात ते बघायचं आणि बोटानं मोजायचं. तीन असतील तर तीन सिलिंडर, चार असतील तर चार. एवढंच.

शहरातल्या वाचकाला हे जरा उलगडून सांगायला हवं. 1956 साली इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून फर्ग्युसन 35 नावाचा ट्रॅक्टर निघाला. पत्रा राखाडी आणि इंजिनाचं अंग सोनेरी-तांबूस. पुढच्याच वर्षाच्या अखेरीला त्याला लाल-राखाडी रंग चढला आणि नाव झालं मॅसी फर्ग्युसन 35. आत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, स्टँडर्ड कंपनीचं. ताकद सदतीस घोड्यांच्या आसपास, पण थंडीत सुरू व्हायला महाकंटाळा. म्हणून 1959 च्या अखेरीला त्यात पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. वरचं सोंग तेच राहिलं. लांबून दोन्ही उभे केले तर सांगता येऊ नये, इतके सारखे. डॅशबोर्डाजवळच्या पत्र्याच्या पाटीवर नंबर असतो, त्याच्या आधी अक्षरं असतात. त्यातलं दुसरं अक्षर डी असेल तर चार सिलिंडर, एन असेल तर तीन. तिकडं मद्रासला 1960 मध्ये टॅफे कंपनी निघाली आणि मॅसीचे ट्रॅक्टर आपल्याकडंच तयार व्हायला लागले. त्यांना मद्रासच्याच सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन. पुढं 1035 या नावानं तो गावोगाव गेला. म्हणजे एकाच चेहऱ्याची तीन भावंडं. त्यातलं थोरलं विलायतेत जन्मलं, धाकटं मद्रासेत.

आमच्या आबांनी 1974 साली घेतला तो थोरला. निदान सगळ्या गावाला तसंच ठाऊक होतं.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच ओसरला होता. नव्या ट्रॅक्टरसाठी नंबर लावून बसावं लागे. शेजारच्या तालुक्यातल्या एका बागायतदाराकडं जुना फर्ग्युसन विकायचा आहे असं कळलं. सत्तावन्न सालचा, आगबोटीतून आलेला. आबा बघायला गेले ते घेऊनच आले. तेरा हजार मोजले. तसलाच मद्रासचा जुना तेव्हा दहा हजारांत मिळत होता. वरचे तीन हजार विलायतीपणाचे. त्यासाठी आईची बोरमाळ गेली. मी नऊ वर्षांचा होतो. वेशीतून राखाडी ट्रॅक्टर आत येताना आबा सीटवर असे ताठ बसले होते, की जणू त्यांनीच तो समुद्रातून चालवत आणला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरं पाटीवर बोट ठेवून इंग्रजी अक्षरं लावत होती.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला तात्या राहायचे, आमच्या भावकीतले. त्यांच्याकडं आधीच मद्रासचा लाल मॅसी होता. त्या दिवसापासून गावात दोन ट्रॅक्टर झाले. एक विलायती आणि एक देशी. नांगरटीला लोक आधी आमच्याकडं यायचे. ‘विलायतीची नांगरट खोल जाती,’ असं बोललं जायचं. नांगर दोघांचाही एकाच लोहाराच्या हातचा, जमीन एकच, तरी आमची खोल जायची. आबा एकरी दोन रुपये जास्त घ्यायचे आणि लोक ते खुशीनं द्यायचे. पारावर कधी तात्यांनी आपल्या ट्रॅक्टरचं कौतुक केलंच, तर आबा हसून म्हणायचे, “तात्या, तुझा चांगलाच हाय रं. पर घोडं ते घोडं, तट्टू ते तट्टू.” लोक हसायचे. तात्या बी हसायचे. मला मात्र लहानपणी अभिमान वाटायचा तो तात्यांच्या हसण्याचाच जास्त.

आबा 2004 मध्ये गेले. पुढं काही वर्षांनी मिस्त्री आमच्याकडं मोटारीच्या कामाला आले होते. काम झाल्यावर शेडमध्ये गेले, त्या बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या पाटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, “लेकरा, ही पाटी म्या ठोकलीया.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या वेळी ते सतरा वर्षांचे, तालुक्याच्या गॅरेजमध्ये हाताखाली होते. बागायतदाराचा खरा विलायती फर्ग्युसन विहिरीत पडून मोडला होता. त्यानं मद्रासचा एक जुना मॅसी आणला, त्याच्यावर मोडक्याचं बॉनेट चढवलं, राखाडी रंग मारला, इंजिनाला सोनेरी फासला आणि पाटी काढून ह्याला रिव्हेट मारायला सांगितली. “मालकानं पाच रुपयं दिलं मला. पाच रुपयं म्हंजे तवा लई हुतं. तुज्या बानं त्यो घेतलेला मला ठाव न्हवतं. दोन वर्सांनी हेड खोलायला मला बोलवलं, तवा बघितलं तर माजीच पाटी!”

“मग आबांना सांगितलंत?”

“त्याच दिशी. इंजिन धुतलं, सोन्याखालनं सिम्प्सनचं नाव निघालं. तीन नोझल त्येंच्या बी म्होरं हुती. बराच येळ गप बसलं. मग म्हनलं, मिस्त्री, परत रंग मारा.”

हे ऐकून मला आबांचा राग आला नाही. वाईट वाटलं. फसला गेलेला माणूस दोन गोष्टी करू शकतो. आपण फसलो असं सांगू शकतो, किंवा फसवणूकच खरी म्हणून जगू शकतो. आईची बोरमाळ गेलेली, गावानं ओवाळलेलं, तात्यांना तट्टू म्हणून झालेलं. मागं फिरायला वाट राहिली नव्हती. मी मनात आबांना माफ केलं आणि विषय मिटवला. कुणाला सांगितलं नाही, थोरल्या दादालाही नाही. कुणाचं काय बिघडलं होतं? ट्रॅक्टरनं तीस वर्षं रान नांगरलं, ऊस ओढला, लग्नाची वऱ्हाडं नेली. असा माझा हिशेब.

तो हिशेब गेल्या वर्षी पुन्हा उघडावा लागला.

दादा तीन वर्षांपूर्वी गेला. ट्रॅक्टर आमच्या दोन्ही घरांचा सामाईक, शेडमध्ये कडब्याच्या आडोशाला उभा. पुतण्यानं त्याचे फोटो कुणाला तरी पाठवले आणि पुण्याकडचे एक गृहस्थ बघायला आले. जुने ट्रॅक्टर जमवून नीट करून ठेवण्याचा त्यांना नाद आहे. माणूस जाणकार. आल्या आल्या वाकून त्यांनी नोझलच मोजली. माझ्या पोटात गोळा आला. पण पाटीवरचं डी अक्षर बघून ते म्हणाले, “इंजिन नंतर बदललेलं दिसतंय. चालायचंच, बरेच जण बदलायचे. ते चार सिलिंडरचं थंडीत रडवायचं. मी मूळचं शोधून बसवीन. चेसिस सत्तावन्नची आहे, मग झालं.” मग वहिनींकडं वळून त्यांनी सहज विचारलं, “बाकी सगळं मूळचंच आहे ना?”

वहिनी म्हणाल्या, “मामंजींनी आणला तवापासून असाच हाय. कायसुद्धा बदललेलं न्हाई.”

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वहिनींना काही माहीतच नव्हतं. माहीत होतं ते मला, आणि मी कडब्याची पेंढी सारखी करत उभा होतो. धर्मराजानं निदान ‘नरो वा कुंजरो वा’ एवढं तरी तोंडातल्या तोंडात म्हटलं होतं. मी तेही नाही. अडीच लाख ठरले. दहा हजार इसार वहिनींच्या हातावर ठेवून ते गेले.

दोन रात्री झोप लागली नाही. मी शाळामास्तर होतो. उत्तरपत्रिकेत कॉपी सापडली की पोराला उभं करून मी विचारायचो, “हे तुझं आहे का?” एवढंच. पोरं बहुतेक वेळा खरं सांगायची. मला तेवढंही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सुटलो असं समजत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत.” दुपारी त्यांचा फोन आला. मद्रासचा जुना मॅसी म्हणून नव्वद हजार देतो. पाटी तेवढी वेगळी विकत द्याल का, खरी सत्तावन्नची आहे, दुसरीकडं कामाला येईल.

मग मी वहिनींना सांगायला गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“भावजी, मामंजींनी विलायतीच्या भावात घेतला का न्हाई?”

“घेतला.”

“आईंची बोरमाळ गेली का न्हाई?”

“गेली.”

“मग विलायतीच्या भावातच इकला असता, तर कुनाचं काय लुबाडलं असतं आपन? आपलं गेलेलं आपल्याला आलं असतं.”

मी म्हणालो, “वहिनी, आबांना फसवलं त्या बागायतदारानं. ह्या माणसानं नाही.”

“त्यो मेला. त्येच्याकडनं कुनी मागायचं?”

हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. आठवड्याच्या बाजारात आपल्या पदरात खोटी नोट पडते. आपण मेहनतीचा माल दिलेला असतो, नोट प्रामाणिकपणे घेतलेली असते. ती पुढं सरकवली की आपलं नुकसान भरून निघतं. न सरकवली तर दुसऱ्याच्या पापाचा दंड आपण भरतो. यात न्याय कुठला? वहिनींचं म्हणणं तेच होतं. त्याला मला अजूनही एकच उत्तर सुचतं, की खोटी नोट कुणाच्या तरी हातात थांबावी लागते. ज्याच्या हातात थांबते त्याच्यावर अन्याय होतोच. पण ती थांबली नाही, तर अन्याय मिटत नाही, फक्त गाव बदलतो. आणि ओळखणारा जो पहिला, त्याच्याच हातात ती थांबू शकते. न ओळखणारा बिचारा थांबवणार कशी? आबांच्या हातात ती एकदा आली होती, तीन नोझल मोजून. त्यांनी परत रंग मारायला सांगितला.

इथंच माझा जुना हिशेबही चुकला होता हे ध्यानात आलं. ‘कुणाचं काय बिघडलं’ असं मी म्हणत होतो. एकरी दोन रुपये कुणाच्या खिशातून आले? नांगरटीचं काम आधी आम्हाला, उरलं तर तात्यांना, हे कशाच्या जोरावर? आणि पारावरचं ते हसू? दोन ट्रॅक्टर एकाच कारखान्यातले, एकाच इंजिनाचे. एकाला घोडं म्हटलं आणि दुसऱ्याला तट्टू. खोटेपणा ट्रॅक्टरमध्ये नव्हता. ट्रॅक्टर तर इमानदार होता, पुरं आयुष्य राबला. खोटा होता तो दोघांतला फरक, आणि त्या फरकावर आम्ही खात होतो.

‘मिलिंदपन्ह’ नावाच्या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आला म्हणतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतो, की रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की ह्या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ हे नाव दिलं आहे. शाळेत असताना हे वाचून मला गंमत वाटली होती. शेडमध्ये उभं राहून वाटली नाही. आमच्या ट्रॅक्टरचे टायर चार-पाचदा बदलले, क्लच प्लेटा बदलल्या, रेडिएटर, सीट, स्टेअरिंगचा दांडा, सेल्फ, सगळं बदललं. पन्नास वर्षांत एकच वस्तू जशीच्या तशी राहिली होती, ती म्हणजे पाटी. आणि तीच तेवढी त्याची नव्हती.

सारखेपणाचं भांडण मोठ्यांनाही चुकलेलं नाही. हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी 1938 मध्ये नुसत्या हातात हात देऊन करार केला होता. कागद नाही, सही नाही. फर्ग्युसनची तीन टोकांची हायड्रोलिक लिफ्ट, जी आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं दिसते, ती फोर्डच्या ट्रॅक्टरला बसली. पुढं फोर्डचा नातू गादीवर आला, करार मोडला आणि 1947 मध्ये फोर्डनं तशीच लिफ्ट असलेला आपला वेगळा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन कोर्टात गेला. 1952 मध्ये तडजोड होऊन फोर्डनं 92.5 लाख डॉलर मोजले. आमचा तंटा त्यामानानं केवढा, एका पत्र्याच्या पाटीचा. पण तिथंही इथंही प्रश्न यंत्राचा नव्हता. शब्दाचा होता.

एवढं सगळं बरोबर असूनही वहिनींपुढं मी खाली मान घालून बसलो होतो. कारण त्यांनी शेवटी जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

“खरं बोलायचं तर बोलायचं. मी कुठं न्हाई म्हनते? पर त्या परक्या मानसाला फोन करायच्या आधी मला का न्हाई सांगितलं? पोरीची नर्सिंगची फी भरायची हाय, तुमाला ठाव हुतं. तुमची पेन्शन हाय, तुमाला खरं बोलनं परवडतंय.”

ते खरं होतं. मी वहिनींना आधी सांगितलं नाही, कारण त्या अडवतील ही भीती होती. त्या अडवतील असं मी परस्पर ठरवून टाकलं. आबांनी गावापासून लपवलं, मी घरापासून. वर माझ्या खरेपणाचा निम्मा भार मी न विचारता एका विधवा बाईच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्याच्या पैशानं प्रामाणिक होणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे.

मी म्हणालो, “वहिनी, चुकलं. माझ्या वाट्याचे पंचेचाळीस हजारही तुम्हीच घ्या.”

“ते तर घेनारच हाय,” वहिनी म्हणाल्या आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

पाटी विकायची नाही, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं. दुसरीकडं कामाला येईल म्हणजे काय होईल, ते आम्हाला चांगलं कळत होतं. ट्रॅक्टर न्यायला टेम्पो येणार त्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. त्यांचे हात आता कापतात. छिन्नी लावून त्यांनी एकेक रिव्हेट तोडलं. चौथं तुटायला वेळ लागला. “लई चांगलं ठोकलं हुतं म्या,” ते म्हणाले. मजुरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो गेला आणि मी पाटी खिशात घालून तात्यांकडं गेलो. तात्या नव्वदीला टेकलेत. ओसरीवर घोंगडं टाकून ऊन खात बसले होते. त्यांच्यापुढं मी पाटी ठेवली आणि सुरुवात केली, “तात्या, आबांचा ट्रॅक्टर विलायती नव्हता.”

तात्यांनी पाटी उचललीही नाही.

“ठाव हाय.”

“कधीपासून?”

“एका सुगीत तुमचं हेडचं गॅस्केट जळलं हुतं. तुजा बा रातचा आला. माज्याकडं नवं गॅस्केट हुतं, तीन भोकाचं. बसवायला मिस्त्रीबरुबर मीच कंदील धरून हुतो की. सोनेरी रंग निघालेला. आत ल्हिवलेलं मला बी वाचता येतंय.”

“मग पारावर बोलला का नाही कधी? आबा तुम्हाला तट्टू म्हणायचे.”

तात्या जरा थांबले. घोंगडं गुडघ्यावर ओढून घेतलं.

“कंदील धरला हुता तवा तुजा बा माज्या तोंडाकडं बघत न्हवता,” ते म्हणाले. “त्यानंतर पारावर त्यो मला तट्टू म्हनला न्हाई. तू शाळंला तालुक्याला हुतास तवा, तुला ठाव न्हाई.”

सुनेनं चहा आणला. आम्ही तो प्यायलो. उठताना तात्यांनी पाटी माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, “कितीला गेला?”

“नव्वद.”

“मद्रासच्या मानानं चांगला गेला,” तात्या म्हणाले.